पश्चिमेकडचे पंधरा फूट

७ जानेवारी
चप्पल ही वस्तू पायात राहण्यासाठी निर्माण झाली की पायातून पळून जाण्यासाठी, हा प्रश्न आज कार्यालयाच्या जिन्यावर उभा राहिला. डावी चप्पल. पंधरा दिवसांपूर्वी घेतलेली. वर पोचून खाली बघतो तो एक पाय अनवाणी, आणि चप्पल सहाव्या पायरीवर आज्ञाधारकपणे थांबलेली. सुटली कधी, ते कळलेसुद्धा नाही. देशोदेशीची कारागिरी लयाला चालली आहे. चप्पलवाल्याला खडसावणे.

दुपारी आदेश. जुन्या घराच्या जीर्णोद्धार व विस्तार समितीचा सदस्य-सचिव म्हणून माझी नेमणूक. जुने घर म्हणजे नगरपालिकेचे वारसागृह: मधे दिवाणखाना, पूर्व-पश्चिमेला चार-चार खोल्यांच्या दोन विंग, प्रत्येकीपुढे लांबलचक व्हरांडा. मी तिथला प्रभारी देखभाल अधिकारी. मनातल्या मनात वास्तुपाल.

समितीला हवे आहे चाळीस खुर्च्यांचे वाचनालय. अट अशी की बाहेर एक वीटही वाढवायची नाही आणि आतली एकही खोली मोडायची नाही. म्हणजे विस्तार करायचा, पण जागा न घेता. योगशास्त्राचा विषय आहे. तीन महिन्यांत आराखडा देईन, असे सांगून आलो.

आनंद झाला असावा. विशेष जाणवला नाही.

९ जानेवारी
मोजणीला आरंभ. टेप स्टोअरमध्ये कुलपात. मागणीपत्र तीन प्रतींत लागते, तिसरी प्रत पिवळ्या कागदावर, आणि पिवळा कागद स्टोअरमध्ये.

अडले नाही. माझे पाऊल अडीच फूट आहे. एक इंच इकडे नाही, तिकडे नाही. ही अण्णांची देणगी. वडील संस्कृतचे मास्तर. मुलांना शब्द चालवायला शिकवायचे ते खरोखर चालवून. एका पावलाला एक रूप. पाऊल लहान पडले की पाठीत धपाटा. रामाची चोवीस रूपे म्हणजे बरोबर साठ फूट. तीस वर्षे मी नगरपालिकेच्या जमिनी रामावर मोजल्या आहेत.

पूर्वेचा व्हरांडा: एक अख्खा राम आणि वर सोळा. ‘रामस्य’ला भिंत. चाळीस पावले, शंभर फूट. जुन्या नकाशातही शंभर. अण्णा खूश झाले असते.

पश्चिमेला मोडक्या खुर्च्यांचा ढीग. तो हलला की मोजू. खरे तर गरज नाही. शितावरून भाताची परीक्षा. शास्त्रात याला स्थालीपुलाकन्याय म्हणतात. शास्त्राचा आधार असला की आळस वाटत नाही.

२२ जानेवारी
चप्पलवाल्याला खडसावले. त्याने दोन्ही चपला उलट्या करून माझ्यापुढे धरल्या. उजवीची टाच झिजलेली, डावीचा फक्त अंगठा. म्हणाला, चप्पल सुटत नाही साहेब, तुम्ही तिला सोडता. गिऱ्हाइकाला तत्त्वज्ञान ऐकवायची नवी पद्धत दिसते. मागून पट्टा लावून घेतला.

३ फेब्रुवारी
पाहणीत गंभीर दोष आढळला. व्हरांड्याची फरशी मऊ लागते. कापसाच्या गादीवरून चालल्यासारखी. विशेषतः डाव्या बाजूने. दिवाणखान्यात गेलो, तिथेही डाव्याच बाजूने. परत फिरलो तर दोष माझ्याबरोबर बाजू बदलतो. जोत्यात पाणी मुरले असणार आणि ते हिंडते आहे.

झाडणाऱ्या मावशींना विचारले, फरशी मऊ वाटते का? त्या म्हणाल्या, दगडाची आहे. मोघम उत्तर.

अहवालात नोंद: ‘फरशीस मार्दव आले आहे.’

११ फेब्रुवारी
व्हरांड्याच्या फरशीवर रोज संध्याकाळी एक काळपट रेघ दिसते. माझ्या खोलीपासून फाटकापर्यंत. कोणीतरी खुर्च्या फरफटत नेत असावे. वारसा वास्तूची ही कदर. सूचनाफलकावर लेखी ताकीद लावली: ‘कोणतीही वस्तू ओढत नेऊ नये, उचलून न्यावी.’ मावशींनी फलक वाचला, माझ्या पायांकडे पाहिले आणि बादली उचलून गेल्या. वचक बसला.

१४ फेब्रुवारी
घरात उंबऱ्याला अडखळलो. बायको म्हणाली, या आठवड्यातली ही चौथी वेळ, डॉक्टरांकडे चला. उंबरा बारा वर्षे तिथेच आहे, असेही म्हणाली. मी म्हणालो, पाय दुखत नाही, ठणकत नाही, सुजलेला नाही; डॉक्टरला दाखवू काय? ती म्हणाली, अण्णांचं काय झालं ते आठवा.

अण्णांची गोष्ट वेगळी. अण्णा हट्टी होते. कोणाचे ऐकायचे नाहीत. पाय गुडघ्याखाली कापावा लागला तो रक्तातल्या साखरेमुळे नव्हे, त्यांच्या स्वभावामुळे.

तिच्या समाधानासाठी सोमवारी जाऊन येईन.

१८ फेब्रुवारी
सोमवारी समितीची बैठक निघाली. पुढच्या सोमवारी नक्की.

२ मार्च
संध्याकाळी बायको हातात फडके घेऊन घरभर काहीतरी पुसत होती. मी म्हणालो, काय सांडले? ती माझ्यामागून पुसत पुसत खुर्चीपर्यंत आली आणि माझा डावा पाय उचलून वर केला. चप्पल दाराशी काढायची राहून गेलेली, आणि तिच्यातून आरपार आलेला खिळा तळव्यात. जुन्या घराचाच असावा, दिवाणखान्यात दुपारी सुतार आला होता. म्हणजे चार तास तरी.

मला काहीच कळले नव्हते. शास्त्रात याला तितिक्षा म्हणतात. ऋषींना वर्षानुवर्षे तप करून मिळते. बायकोला सांगितले. तिने जखम धुतली, पट्टी बांधली, आणि खिळा कागदात गुंडाळून देवघरातल्या डबीत ठेवला. डॉक्टरला दाखवायला, म्हणाली.

सोमवारी.

६ एप्रिल
खुर्च्यांचा लिलाव अखेर झाला. पश्चिमेचा व्हरांडा मोकळा. केवळ उपचार म्हणून मोजला. ‘रामस्य’ झाले, भिंत नाही. पुढे चाललो. सप्तमी संपली तरी भिंत नाही. संबोधनाला हात टेकला. ‘हे राम.’

सेहेचाळीस. पुन्हा मोजले. सेहेचाळीस. एकशे पंधरा फूट.

पूर्व शंभर, पश्चिम एकशे पंधरा. नकाशात दोन्ही शंभर. पश्चिमेच्या चारही खोल्या नकाशाप्रमाणे धरल्या तर शंभर फुटांत बसतात. मग वरचे पंधरा फूट कुठे?

पाटीवरच्या बेरजेसारखे स्वच्छ आहे. भिंतीत एक खोली आहे. कोणीतरी कधीतरी चिणून बंद केलेली. पंधरा फुटांची खोली, नकाशात नसलेली. बाहेर वीट वाढवायची नाही, आत खोली मोडायची नाही. आणि घरानेच आतल्या आत एक खोली राखून ठेवली आहे. वाचनालय तिथे.

तीस वर्षांच्या नोकरीत असा क्षण एकदाच येतो. खुर्चीवर बसून वाट पाहिली. काही वाटले नाही.

९ एप्रिल
समितीपुढे मांडले. अध्यक्षबाई एरवी बैठकीत चहा संपेपर्यंतच थांबतात. आज कप गार झाला तरी उठल्या नाहीत. म्हणाल्या, हे घर आम्ही वीस वर्षे बघतोय, तुम्हीच कसं पाहिलंत? मी म्हणालो, मी पाहिले नाही, मी चाललो. सगळे हसले. ठराव एकमताने. बंद खोली उघडताना फोटोग्राफर असावा, असेही ठरले. दिल्लगी नाही: मंडळींनी वाचनालयाला माझे नाव देण्याची भाषा काढली. मी नको म्हणालो. दोनदाच.

घरी सांगितले. बायको म्हणाली, छान झालं. आणि सोमवार?

१७ एप्रिल
गवंड्याने सकाळपासून तिसऱ्या आणि चौथ्या खोलीमधली भिंत ठोकून पाहिली. म्हणाला, साहेब, भिंत भरीव आहे, पोकळ असती तर बोलली असती. मी म्हणालो, जुन्या भिंती लवकर बोलत नाहीत. अध्यक्षबाई आल्या. फोटोग्राफर आला. मी खूण केली तिथे गवंड्याने छिन्नी लावली.

अर्ध्या तासाने मूठभर भोक पडले. मी कंदील मागवला होता. तो पुढे करून डोळा लावला. पलीकडून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

चौथ्या खोलीत मावशी चहा पीत बसल्या होत्या. भोकातून म्हणाल्या, “दार तिकडून आहे, साहेब.”

फोटो निघाला. अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर चुना उडाला होता. जाताना त्या म्हणाल्या, आता आर्किटेक्टबाईंना बोलवून रीतसर मोजणी करून घ्या. कोणी मोठ्याने हसले नाही, हे चांगले लक्षण नव्हे.

तरी खोली आहेच. जागा चुकली एवढेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या मधे असणार. राम खोटे बोलत नाही.

२४ एप्रिल
आर्किटेक्टबाई सकाळी आल्या. तिशीच्या असतील. हातात मुठीएवढे यंत्र. भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि आकडा येतो. पूर्वेचा व्हरांडा: शंभर फूट दोन इंच. पश्चिमेचा: शंभर फूट दोन इंच.

मी म्हणालो, यंत्राला संस्कार नसतात. त्या हसल्या आणि पिशवीतून टेप काढली. मावशींनी एक टोक धरले. शंभर फूट दोन इंच. दोन्हीकडे.

मग मी माझी पद्धत दाखवली. पश्चिमेच्या व्हरांड्यातून चाललो. ह्या वेळी सत्तेचाळीस. बाईंना म्हणालो, बघा, वाढतेच आहे. त्या टेप गुंडाळत माझ्याकडे बघत होत्या. मग सौम्यपणे म्हणाल्या, “सर, आता पूर्वेलाही चालून दाखवा ना.”

चाललो. ‘रामस्य’ झाले आणि भिंत अजून दोन खिडक्या लांब. थांबलो. क्षणभर, खरे सांगतो, क्षणभर वाटले की इकडेही एक बंद खोली आहे. दोन वाचनालये. मग पुढे चालत राहिलो, कारण थांबून उभे राहणे बरे दिसले नसते. सत्तेचाळिसाव्या पावलाला भिंत.

मागे वळलो. बाई भिंतीकडे बघत नव्हत्या, फरशीकडे बघत होत्या. फरशीवर काळपट रेघ होती. व्हरांड्याच्या त्या टोकापासून निघालेली आणि माझ्या डाव्या चपलेपाशी संपलेली.

“सर, डावा पाय दुखतो का?”

मी म्हणालो, नाही. अजिबात नाही.

मावशी टेपचे टोक धरून तशाच उभ्या होत्या. म्हणाल्या, “ओढतात ते. जानेवारीपासून. मी रोज पुसते ती रेघ. साहेबांनी पाटी लावली, मग काय बोलणार?”

बाईंनी वहीत काही लिहिले नाही. म्हणाल्या, मोजणीचं मी बघते सर, तुम्ही बसा. खुर्ची आणून दिली. लिलावात न खपलेल्यांपैकी असावी, एक पाय आखूड होता. मी बसलो. अकरा वाजल्यापासून एकपर्यंत बसलो. त्या दोघी मोजत होत्या.

२४ एप्रिल, संध्याकाळी
घर वाढलेले नाही. पश्चिमेला पंधरा फूट नाहीत, कधी नव्हते. जानेवारीत माझे पाऊल तीस इंच होते, आज साडेपंचवीस आहे. हे अहवालात लिहिता येत नाही. अहवाल घराचा आहे. अहवालात लिहिले: ‘दोन्ही बाजू समान. फरशी सुस्थितीत. भिंतीतील भोक बुजवावे.’

घरी आलो. बायकोला म्हणालो, एक कर. मी डोळे मिटतो, तू डाव्या पायाचं कुठलंही बोट दाब, मी सांगतो कुठलं. ती खाली बसली. मी डोळे मिटले. वाट पाहिली. म्हणालो, हं, दाब आता.

ती म्हणाली, “केव्हाची दाबतेय.”

डोळे उघडले तेव्हा तिच्या दोन्ही मुठींत माझी बोटे होती. ती रडत नव्हती. उठली, देवघरातल्या डबीतून खिळ्याची पुडी काढली आणि माझ्या पिशवीत ठेवली. उद्या सोमवार नाही. उद्याच जायचे आहे.

अण्णांना आम्ही रोज विचारायचो, दुखतंय का? ते म्हणायचे, नाही रे. आणि आम्ही सगळे निर्धास्त असायचो. ते हट्टी नव्हते. ते खरे तेच सांगत होते. पाय कापला तेव्हा त्यांना चौपन्नावे होते. मला ऑगस्टमध्ये चौपन्न पूर्ण होतील.

मला भीती वाटते.