दुसऱ्याच्या अक्षरात

प्रिय मौनीबुवा,

चौकशीच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तुझा जबाब उतरवून घ्यायचा, तो मी. जबाब कसला म्हणा, अकरा दिवसांत तू फक्त पाणी मागितलंस! म्हणून तर तुझं हे नाव पडलं.

लढाई सुरू झाली तेव्हा आमचं हेरखातं म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. साहेब मूळचे भूगोलाचे मास्तर, टायपिंगला एक बाई आणि मी, पाट्या रंगवणारा पेंटर. पाळतीवरच्या गड्याचे बूट इतके करकरायचे की संशयितच बाजूला होऊन त्याला वाट द्यायचा. हेर सापडला की कोठडीत टाकायचा आणि आपलीच पाठ थोपटायची, एवढीच आमची अक्कल. तू सापडलास आणि साहेबांच्या डोक्यातली चक्रं फिरली. म्हणाले, "कोंडलेला हेर म्हणजे शत्रूचा एक माणूस कमी. तोच लिहिता राहिला, तर अख्खा शत्रू आपल्या मुठीत." बाराव्या दिवशी तू तोंड उघडलंस ते एवढ्यासाठीच, "फासावर द्या, पण माझ्या माणसांना खोटं लिहिणार नाही." मग तुझ्या खिशातल्या वहीवरून मी तुझं अक्षर गिरवलं.

तीन वर्षं तुझ्या नावानं तुझ्या वरिष्ठांना खोट्या बातम्या गेल्या. त्यावर खात्याला चार मजले मिळाले, गुप्त शाई ओळखणारे केमिस्ट आले, साहेबांना पदक मिळालं. लढाई संपली, तुझी सुटका ठरली, म्हणून हे सगळं त्यांनी काल तुला सांगितलं, तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस म्हणे. रागाव, तुझा हक्कच आहे. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

तुझे वरिष्ठ पाकिटात तुझ्या आईचंही पत्र घालायचे. उत्तर गेलं नाही तर संशय येणार, म्हणून तेही मीच लिहायचो. दाढ काढली, तंबाखू सोडली, स्वतःपुरता स्वयंपाक जमतो. (तंबाखूचं तू निस्तर.) आई लिहायच्या, "लांब गेलास आणि माणसात आलास. आधी चार ओळींत गुंडाळायचास." माझी आई मला आठवतही नाही रे. टपालाच्या दिवशी मी दाढी करून ऑफिसात जायचो, बाई हसायच्या.

आता मी पुन्हा पाट्या रंगवतो. काल एका शाळेची केली. लिहिलेलं खरं असलं की बरं वाटतं.

आईंची एकतीस पत्रं सोबतच्या पुडक्यात आहेत. गाडीत बसण्याआधी वाच, कारण एकदा मी मर्यादा सोडली. वडिलांना स्मशानात पोचवायला दोघं भाऊ दोन टोकांनी चालले, ते डोळ्यांपुढून हलत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. साहेबांना न विचारता मी तुझ्या अक्षरात तुझ्या थोरल्या भावाला लिहिलं, "दादा, चुकलो." चूक कुणाची, देव जाणे. महिन्यानं त्याचं उत्तर आलं, "मीही. लवकर ये." ते सगळ्यांत वर ठेवलंय. परवा सरहद्दीच्या स्टेशनवर तो तुला न्यायला येतोय. तुमचा नऊ वर्षांचा अबोला त्याच्या लेखी केव्हाच मिटला. तुला यातलं काहीच ठाऊक नाही, म्हणून हे पत्र. तो हात पसरून पुढे येईल, तेव्हा मागे सरू नकोस.

तुझाच,
कोपऱ्यातला पेंटर