तीन ठोक्यांत उठणारं इंजिन

आई, मागच्या महिन्यात मी एक इंजिन निवडलं आणि आज ते उडवलं. गिरणीचं नाही गं. हे तळहातावर मावतं आणि विमानाला लागतं. हसू नकोस. खरं विमान नाही, हलक्या लाकडाचं, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या उंचीएवढं, जमिनीवर उभं राहून रिमोटनं उडवायचं. आभाळात कोलांट्या घेणारं, उलटं होऊन जाणारं. रविवार रविवार करत मी ते चार वर्षं बांधलं. पन्नाशीच्या बाईला हे कसलं खूळ, असं तुझी जाऊ मला तोंडावर म्हणाली, आणि खूळच आहे ते, मी कुठं नाही म्हणते? पण इंजिन कुठलं घ्यायचं, या एकाच प्रश्नावर मी सहा महिने अडून बसले होते. विमान सरळ वर चढताना इंजिन बंद पडलं की ते येणार खालच्या उसात, आणि आपल्याकडच्या उसात हल्ली बिबट्याच्या धास्तीनं दिवसासुद्धा कुणी शिरत नाही. चार वर्षं तिथंच संपली असती. शिवाय इंजिन निवडताना मी आधी एकदा चुकले होते, आणि ती चूक तू अकरा वर्षं ओढलीस.

आम्ही पाच-सहा जण आळेफाट्याच्या पुढच्या माळावर उडवतो. त्यात फाट्यावरचा एक गॅरेजवाला आहे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण शिकवायची हौस दांडगी. “ताई, मोठं घ्या राव,” तो एक दिवसाआड सांगायचा. “आभाळात काय स्पीडब्रेकर हायेत का? कागदावरची ताकद बघा, लई भारी!” त्याचं दोन-स्ट्रोकचं इंजिन होतं, किंचाळणारं, आणि कागदावर ताकद खरंच मोठी. दुसरं पेट्रोलचं, तेलाला स्वस्त, पण इतकं थरथरणारं की माझे डिंकाचे सांधे उकलले असते. तिसरं चार-स्ट्रोकचं, कागदावर दुबळं, वजनाला जरा जास्त. जड झालं की विमानाचं नाक खाली जातं, मग शेपटीत शिसं भरा, आणि कोलांटीची गंमत गेली. मी रात्रंदिवस कागद वाचायचे आणि वाचून वाचून आणखीच गोंधळायचे. मग एका सकाळी चहा गाळताना मला तू दिसलीस, हातात ओला दोर घेतलेली.

बोरीतल्या आपल्या गिरणीचं जुनं इंजिन मोडलंय. घरातला एकटा पुरुष, दादा, ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी, म्हणून नवीन इंजिन घ्यायला तू आणि मी फाट्यावर आलोय. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, इस्त्रीचा ड्रेस घातलेली. तू कासोटा घातलेली, केसांच्या मुळाशी पीठ, ते कितीही धुतलं तरी राहायचंच. दुकानदार एक इंजिन सुरू करतो आणि म्हणतो, “बघा मावशी, कसं घड्याळावानी चालतंय.” तू म्हणतेस, “रिकामं समदंच चालतंय, भाऊ. ह्येच्यावर ओझं घालू द्या.” आणि पिशवीतून दोर काढतेस, बादलीत भिजवतेस, एक टोक दुकानाच्या खांबाला बांधून फिरत्या चाकावरून अर्धा वेढा घेतेस आणि दुसरं टोक ओढतेस. इंजिन दबतं, काळा धूर ओकतं, तू दोर सैल सोडतेस आणि तोंडानं मोजतेस, येक, दोन, तीन. “तीन ठोक्यांत उठलं पायजे. दाणा पडला की गिरणी दबतीच. दबू दे की. उठतंय कवा, त्ये बघायचं.” जड चाकाचं जुन्या धाटणीचं इंजिन तिसऱ्या ठोक्याला उठतं. नव्या, हलक्या, जोरात पळणाऱ्या इंजिनाला सात लागतात. तोवर दुकानापुढं माणसं जमलीत. एक जण म्हणतो, “आरं, मावशी इंजनाला दावं बांधतीया!” सगळे हसतात. आणि मी, माझ्या कानाच्या पाळ्या तापल्यात, मी सगळ्यांदेखत म्हणते, “आई, पुरे झालं तुझं. कॅटलॉगात लिहिलंय, नव्याची ताकद जास्त आहे. तुला त्यातलं कळत नाही.”

तू दोर गुंडाळलास. रागावली नाहीस, तोंडही पाडलं नाहीस. दुकानदाराला म्हणालीस, “माझी पोरगी इंजनेरी शिकतीया. ती म्हणंल त्ये द्या.” त्या इंजिनाचा दम पहिल्या आठवड्यातच कळला. बाजरी पडली की त्याचा जीव जायचा. बाकीच्या गिरण्यांत बाया पाटीभर दाणे ओतून गप्पा मारत बसायच्या, आणि तू अकरा वर्षं शेजारी उभी राहून मूठ मूठ दाणे सोडत राहिलीस, एका हातानं पत्र्याची झडप धरून. सुट्टीत मी एकदा एकदम पाटी ओतली आणि इंजिन गप झालं. तेव्हा तू एवढंच म्हणालीस, “सावकाश घाल बाई. त्याला दम खाऊ द्यावा लागतो.” मग दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या लॅबमध्ये सरांनी चाकावर दोर टाकला, त्याला वजनं लावली, चाकावर पाणी सोडलं आणि सांगितलं की इंजिनाची खरी ताकद मोजायची ही पद्धत आहे. आई, ते तुझंच होतं गं सगळं! चौथीतून शाळा सुटलेल्या बाईनं पिठाच्या धुरळ्यात उभं राहून ते एकटीनं कुठून काढलं? सर फळ्यावर गणित लिहीत होते आणि मी मान खाली घालून बसले होते. घरी येऊन तुला सांगितलं मात्र नाही.

तर मागच्या महिन्यात मी तिन्ही इंजिनं मागून आणली. गॅरेजवाल्याच्या टेबलावर एकेक घट्ट बसवलं, आणि माझ्या विमानाच्या नाकावर फिरणारा मोठा पंखाच प्रत्येकाला लावला, कारण कागदावरची ताकद छोट्या पंख्यावर, जिवाच्या आकांतानं पळतानाची असते. आधी अगदी मंद ठेवलं, चांगला चहा होईपर्यंत. मग एकदम पूर्ण सोडलं आणि मोजलं. दोन-स्ट्रोकवालं अडखळलं, खोकलं आणि बंद पडलं. पेट्रोलचं उठलं, पण टेबलावरचे पाने खाली पडले. चार-स्ट्रोकवालं तीन म्हणायच्या आत उठलं. “ताई, ह्ये कुठं शिकलात?” गॅरेजवाला विचारत होता. मी म्हटलं, “आमच्या गिरणीत.” त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

आज सकाळी माळावर वारा पडलेला होता. विमान सरळ वर गेलं, आई, सरळ, इतकं की मान मोडायची वेळ आली. ते वर गेल्यावर मी इंजिन मंद केलं. ते पाठीवर वळलं, आणि क्षणभर कुठलाच आवाज आला नाही. गॅरेजवाला ओरडला, “गेलं, ताई, उसात गेलं!” आणि मग ते मंद पुटपुटणं ऐकू आलं, मी ताकद सोडली, आणि उसाच्या तुऱ्यांवरून ते असं उठलं की मी भर माळावर ढसाढसा रडले. एकानं पाण्याची बाटली पुढं केली. एवढं शहाणपण माझ्या घरात, रोज माझ्या ताटात भाकरी वाढत होतं, आणि मला त्याची लाज वाटायची.

तू गेल्यावर हे पत्र कुठं टाकणार? विमानाच्या खोक्यात, कागदांखाली राहील. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती लिहून टाकते. त्या दिवशी दुकानात कॅटलॉगाचं ते पान मी उघडलं होतं, पण ते सगळं इंग्रजीत होतं आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. मी नुसतं बोट ठेवलं होतं.