गेर्बरसाहेब आणि आमच्या दाराची पाटी

७ नोव्हेंबर २००१, बुध.
कोथरूडला येऊन आठवडा झाला. येरवड्याच्या दोन खोल्यांतलं सगळं सामान लागलं, तरी इथे भिंती रिकाम्याच. सकाळी बुद्धवंदना म्हणताना आवाज घुमतो. फ्लॅट राहुलचा, कर्जही राहुलचं. आपण जपून राहायचं.
दाराची पाटी तेवढी राहिली. हे म्हणाले, “सासवडकर. बस. पुढे-मागे काही नको.” राहुलने मोजपट्टी पुन्हा खणात टाकली. पोराला पटलेलं नाही, मला कळतं.

१६ नोव्हें., शुक्र.
समोरच्या लेलेबाई फराळ घेऊन आल्या. चकली खुसखुशीत, तेल जरा सढळ. दारातच उभ्या राहून, “सासवडकर म्हणजे मूळ सासवडचेच का?”
“हो, त्या बाजूचे.”
“आमच्या माहितीत एक सासवडकर आहेत, डेक्कनला. आपल्यातलेच. त्यांच्यापैकी का तुम्ही?”
“नाही हो. ओळख नाही त्यांची.”
खोटं नाही बोलले. पण चौथं शील फक्त खोटं न बोलण्याचंच का, पूर्ण खरं बोलण्याचंही? विहारातल्या भन्तेजींना विचारायला हवं.

१७ नोव्हें., शनि.
लेलेबाईंचं बोलणं चहाच्या वेळी सांगितलं. सांगायला नको होतं. राहुल म्हणाला, “पाटीवर आपलं जुनं आडनाव टाकू या. विषयच संपेल.”
ह्यांनी पेपर खाली ठेवला. “तू पहिलीत जायच्या आधी राजपत्रात छापून मी ते सोडलंय. कशाला? मास्तरांनी हजेरी घेताना वर्गातली पोरं वळून तुझ्याकडे बघू नयेत म्हणून.”
“नाही बघितलं बाबा. पण मग मीच सगळीकडे दबून राहिलो. कोणाला कळेल का, कोणाला कळेल का…”
हे उठून गॅलरीत गेले. कपडे वाळले नव्हते, तरी काढत बसले.
ते नाव ह्यांना कागदावर बघवत नाही. म्हणून इथेही लिहीत नाही.

२५ नोव्हें., रवि.
राहुलच्या ऑफिसात जर्मनीहून साहेब आलेत, गेर्बर म्हणून. ते आज जेवायला होते. आमटी बिनतिखटाची केली, तरी बिचाऱ्याला घाम फुटला. भात मात्र तीनदा घेतला. बोलणं सगळं राहुलमार्फत.
ह्यांनी आपलं सहज विचारलं, “विचार रे, ह्यांच्या आडनावाचा काही अर्थ असतो का.”
साहेब हसला आणि त्याने ताटावर बसल्या बसल्याच हाताने सोलल्या-घासल्यासारखं करून दाखवलं. राहुल बाबांकडे बघून म्हणाला, “कातडी कमावणारा.”
ह्यांचा घास हातातच राहिला. मामंजींचं काम तेच. मेलेलं जनावर ओढून न्यायचं, सोलायचं. दीक्षा घेतली त्या दिवशी सुरी विहिरीत टाकली.
साहेब आपल्या नादात सांगत होता. त्यांचे पूर्वज गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी राहायचे. वरच्या लोकांना वास नको म्हणून. लोक नाक धरून जायचे. आता टेलिफोनच्या पुस्तकात पानभर गेर्बर. एक पाद्री, एक दातांचा डॉक्टर, एक गवंडी, कोणी कोणाचं नात्यातलं नाही. काही अमेरिकेत गेले, त्यांचा उच्चारसुद्धा बदलला. गल्लीलाही तेच नाव, गेर्बरांची गल्ली. साहेबाच्या आईचं माहेरचं आडनाव पाववाला अशा अर्थाचं, लग्नानंतर तीही गेर्बर. घराच्या चौकटीवर आजोबांनी सुरी कोरून घेतलीय म्हणे. कातडं सोलायची.
हे म्हणाले, “विचार, अजून नाक धरतात का?”
साहेब म्हणाला, “त्या गल्लीत आता गावातली सगळ्यात महाग घरं. मला परवडत नाही!”
सगळे हसले. हेही हसले. पण साहेब गेल्यावर म्हणाले, “त्यांची नदी स्वच्छ झाली. आपल्या जिन्यात अजून वास घेतात.”
राहुल म्हणाला, “म्हणून आपणच दार बंद करून बसायचं?”
दोघांचंही पटतं. मी भांडी घासली.

३० नोव्हें., शुक्र., पौर्णिमा
बसने येरवड्याला, आपल्या विहारात. भन्तेजींना शीलाचं विचारलं. म्हणाले, “विचारताय म्हणजे उत्तर माहीत आहे.” असं काय ते!
बसमध्ये डोक्यात तेच. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव. लग्नात ह्यांचं जुनं मिळालं. मग एके दिवशी हे ऑफिसातून आले नि म्हणाले, आजपासून आपण सासवडकर. तीन नावं झाली, एकदाही कोणी विचारलं नाही, तुला कोणतं हवं. गेर्बरसाहेबाच्या आईला तरी विचारलं असेल का?
नाव बदललं तेव्हा मी पेढे वाटले होते, हेही खरं.

२ डिसें., रवि.
जेवताना राहुल म्हणाला, “पाटीवर आई सांगेल ते नाव.”
हे म्हणाले, “तिलाच विचार.” रागाने नाही. दमल्यासारखे.
पंचवीस वर्षांनी विचारलं. म्हटलं, थोडे दिवस द्या.

४ डिसें., मंगळ.
सुतार कपाटासाठी आला होता. पुन्हा बोलावून वेगळे पैसे नकोत, म्हणून दारावर पाटीची चार भोकंही पाडून घेतली.
लेलेबाई जिन्यात, “भोकं पडली, नाव राहिलं वाटतं?”
“ठरतंय.”
“अगं बाई, स्वतःचं नाव ठरवायला लागतं?”
म्हटलं, “आत या ना. चहा टाकते, सगळं सांगते.”
आल्या. हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीपुढे थांबल्या. मी आतून विचारलं, साखर किती? मला पुन्हा विचारावं लागलं. “अर्धा चमचा.” मग बसून सांगितलं. जुनं नाव, मामंजी, राजपत्र, सगळं. ते नाव मोठ्याने म्हटलं. किती वर्षांनी! जीभ अडखळली नाही.
त्या म्हणाल्या, “बरं बरं.” मग म्हणाल्या, “अहो, आजकाल कोण मानतंय.” कुकर लावायचाय म्हणून उठल्या. कपात अर्धा चहा तसाच.
कुकर लावायचा असेलही.
फराळाचा डबा अजून आमच्याकडेच आहे. उद्या खीर घालून देईन. बघू.
ह्यांना काही बोलले नाही. भोकांत धूळ जाऊ नये म्हणून कागदाचे बोळे घातलेत.