पंचवीस मीटर

९ डिसेंबर
बंदूक आली. वन खात्याकडून उसनी — भुलीची सुई मारायची, वर दुर्बीण बसवलेली. आधीच्या माणसाने नेम चाळीस मीटरला जुळवलाय. कुंभिवलीच्या मोकाट बैलाच्या गळ्यात नायलॉनची दोरी रुतलीय, जखमेत अळ्या. दुखण्याने अंगावर येतो. परवा गावातल्या जिजाबाईंना उडवलं, त्यांचा हात मोडला.

१० डिसेंबर
माझ्या जनावरांच्या दवाखान्यामागे पुठ्ठा टांगून दिवसभर नेम धरला. चाळीसवर पाचातल्या दोन सुया पुठ्ठ्याबाहेर. पंचवीसवर पाचही तळहाताएवढ्या जागेत. पण बैल कुणाला इतकं जवळ येऊ देत नाही! सरपंच मालोजीराव म्हणतात, टेंपोत बसून लांबूनच मारा. मांडीऐवजी पोटात घुसली तर?

आणि फार जवळ आला तरी धोका. लांबच्या जोराने जवळून मारली की सुई हाडापर्यंत जाते. गेल्या वर्षी नेरळला माझ्या हातून घोडी अशीच गेली. मी सगळ्यांना सांगितलं, हृदय बंद पडलं.

११ डिसेंबर
पंचवीस. नेम आणि जोर दोन्ही त्यावर लावून स्क्रू आवळले. आता बदलायचं नाही.

१२ डिसेंबर
कुंभिवलीचे पोशाबाबा भेटायला आले. सत्तरीचे. हा बैल लहानपणी त्यांच्याच गोठ्यात होता. त्यांचे पाय थकले, चारा आणवेना, तेव्हा सोडून दिला. म्हणाले, मी पेंढा घेऊन उभा राहतो, तो येईल माझ्याकडं. मी नको म्हटलं. शिंग लागलं तर ते माझ्या पंचवीसपायी.

"तुमी फक्त अंतर सांगा, ताई."

शेवटी हो म्हटलं. आपण हो का म्हटलं?

१४ डिसेंबर
झालं.

माझ्यापासून पंचवीस मीटरवर चुन्याची रेघ, रेघेवर पोशाबाबा. तासाभराने बैल आला. पण रेघेवर थांबेना. पेंढ्यामागे पोशाबाबांना ढकलत माझ्याकडेच. बारा मीटर. दुर्बिणीत नुसतं कातडं. टेंपोतून मालोजीराव मारा, मारा म्हणत होते. मी चापावरचं बोट काढलं. एवढ्या जवळून सुई हाडात गेली असती.

पोशाबाबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. काहीतरी पुटपुटत एकेक पाऊल मागे रेटला, पार रेघेपर्यंत. मग बाजूला झाले. बैल आडवा उभा राहिला. मारली. बरोबर मांडीत.

नऊ मिनिटांनी बसला. गुदमरू नये म्हणून चौघांनी मान उचलून धरली. दोरी बोटभर आत गेलेली. कापली, जखम धुतली, भुलीवरचा उतारा टोचला. उठला! चालत गेला.

जिजाबाईंचा मुलगा रुपेश म्हणाला, दोरी बांधणारा सापडू दे, पोलिसांत देतो. पोशाबाबा कापलेली दोरी हातात घेऊन बसले होते. चहाला बोलावलं तरी उठले नाहीत.

१६ डिसेंबर
पोशाबाबा एसटीने खालापूरला, माझ्या ऑफिसात आले. बैलाचा अहवाल वाचून दाखवा म्हणाले. ‘दोरी कोणाची’ याच्यापुढे मी ‘माहीत नाही’ लिहिलं होतं.

"गाठ माझी हाय, ताई. वासरू व्हतं तवा बांधली. सोडताना कापायची राहिली. माझं नाव लिवा."

रुपेश काय करेल ते सांगितलं. ठाऊक हाय म्हणाले.

मी पेन उचललं, तशी नेरळची घोडी आठवली. आडनाव विचारायला तोंड उघडेना.