अर्ध्या तासाचं नांदेड

माय, तू खापरपणजी झालीस. माझ्या लेकीच्या लेकीला काल नांदेडात पोरगी झाली. नाक तुझ्यावर गेलंय, बसकं. तिकडं सगळे बापावर गेलं म्हणतात, म्हणू दे बापड्यांना. मी फोनवर बघितली. मूठ अशी घट्ट आवळून झोपलेली, जशी एसटीत तिकीट सांभाळून बसलीय.

इकडं लातुरात मी खाटेवर. मागं न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतो, गाडीत बसून लांब जायचं न्हाई. आज सकाळी सुनेला म्हणले, बघ गं तुझ्या फोनात, नांदेड किती लांब हाय. तिनं बघितलं. "आत्याबाई, रस्त्यानं तीन तासाच्या वर दाखवतंय. इमानानं अर्धा तास."

लई आनंद झाला बघ. अर्धा तास तर मी खुर्चीत बसून भाकर खाते! नातीला लगेच फोन लावला, येते म्हणले. सून सैपाकघरात गेली तवर इरकल गुंडाळलं, झबलं-टोपडं, डिंकाचे लाडू पिशवीत भरले, खिडकीतनं शेजारणीला ओरडून सांगितलं, मी इमानानं चालले. ती म्हणली, "मावशी, खिडकीची जागा धरा, तुमचं माहेर, उमरी दिसंल." सून पळत आली. "अवं आत्याबाई, ते नुसतं अंतर मोजून सांगतंय. लातूरहून नांदेडला इमान जातच न्हाई."

"मग येळ कशाचा सांगतंय मेलं?"

"गेलं असतं तर."

तवापासून तू डोळ्यापुढून हलेना. तू माझ्या सासरी यायचीस उमरीहून नांदेड, नांदेडहून लोहा करत, एक गाडी सोडून दुसरी धरत, धुळीनं पांढरी होऊन. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी चालत न्हाई, आणि मला किती वर्षं लेकरूच न्हाई. माझी सासू ओट्यावरनं म्हणते, "विहीणबाई, तुमची तहान भागवणं तुमच्या लेकीच्या हातात हाय." तू नुसती हसतेस, शेजारच्या घरी जाऊन तांब्याभर पाणी पितेस, आणि येऊन माझ्या केसांना तेल लावत बसतेस. मग माझी लेक झाली. बाळंतपण उमरीला उरकून तू तिला कडेवर घेऊन मला पोचवायला आलीस, आणि उंबऱ्यातच पाणी मागितलंस. मी उठले तर म्हणलीस, तू बस, विहीणबाईच्या हातचं पाहिजे. दोन तांबे प्यालीस, घटाघट. सासूला दुसरा तांबा भरायला परत आत जावं लागलं.

तू तेवढा रस्ता तहानेनं कापायचीस. मला सगळं हातात आणून देतात, तरी मला जाता येईना. लेक म्हणतो, "आई, महिनाभर दम धर, मीच नेतो." महिन्यात लेकराचं तोंड बदलतं, हे त्याला कसं सांगावं? डॉक्टरवर रागवावं तर तो भला माणूस, फोनवर रागवावं तर त्यानं विचारलं तेवढंच सांगितलं.

तू देवाघरी गेलीस, तिथलं पत्र टाकायला कुठं पेटी नसती हे कळतं, एवढी काही अडाणी न्हाई मी. पण एक गोष्ट तुलाच सांगते. मघाशी नातीचा फोन आला. "आज्जी, कुठवर आलीस गं?" इतकी हरखलेली होती माय, माझ्या तोंडातनं 'न्हाई' निघालंच न्हाई. खाटेवर पडल्या पडल्या म्हणले, गाडीनं चाकूर मागं टाकलं.

आता परत फोन वाजायलाय.