बॅजर कूलीचा ठराव

यॉर्कटन, सस्कॅचवान
१५ जानेवारी (आपल्या जुन्या पंचांगाचं नवं वर्ष लागून एक दिवस झाला)

आदरणीय ॲडलीनताई हिला धाकटा भाऊ झेनन याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण डॉक्टरांनी तूर्त सहा अंगांनाच परवानगी दिली आहे. दोन्ही गुडघे वगळून स्वीकारावा.

तुझं नाताळचं पत्र पोचलं. डॉफिनला उणे चौतीस असून तुझी बोटं आखडतात हे वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे उणे छत्तीस आहे, म्हणजे याही बाबतीत आमचा प्रांत तुमच्या दोन पावलं पुढेच. माझी तब्येत उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते, घर स्वच्छ आहे. (शेजारीण दर मंगळवारी डोकावून जाते आणि खोटं खोटं साखर मागते. तिच्या घरी आता माझी निम्मी साखर असेल.) पत्राचं कारण अगदी किरकोळ आहे. आपल्या वडिलांची ती राखाडी लोकरी विजार तुझ्या देवदारी पेटीत आहे, ती फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या आत मला हवी. कशाला हवी हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, तेव्हा चहा करून घे आणि मग पुढे वाच.

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी सरकारने आमच्या प्रांताला फॅमिली डेची सुट्टी दिली, पण फॅमिली कुठून गोळा करायची ते काही सांगितलं नाही. सरकारला हे सुचण्याच्या कितीतरी आधीपासून आमचं घर फेब्रुवारीतले तीन दिवस स्की करायला एकत्र जातं, हे तुला ठाऊकच आहे. जागा ठरवायचं काम घरधनीण या नात्याने व्हर्नाचं असे. सप्टेंबरात व्हर्ना गेली, आणि हे खातं माझ्याकडे आलं. आता खरी गोम अशी, की पोरगा मायरन कॅलगरीला आणि पोरगी लारिसा सॅस्कटूनला. जागेवर एकमत झालं नाही तर दोघं आपापल्या वाटेने जाणार, आणि एकदा का एक वर्ष चुकलं की पुढच्या वर्षी कोणी विचारतसुद्धा नाही. संस्था अशाच मोडतात. मी तीन संस्था मोडताना पाहिल्या आहेत. हे घर मला मोडू द्यायचं नाही.

मी सदतीस वर्षं धान्य सहकारी संस्थेचा सचिव होतो, त्यामुळे घरातले निर्णयही रीतसर व्हावेत असा माझा आग्रह असतो. ठराव मांडायचा, अनुमोदक मिळवायचा, चर्चा, मग मतदान, आणि सगळं काळ्या वहीत. तुम्ही सगळे या वहीला हसता ते मला माहीत आहे. पण एकेचाळीस वर्षांत या घरात माझा एकही ठराव अनुमोदकाविना पडला नव्हता. जुनी रुग्णवाहिका विकत घेऊन तिची घरगुती गाडी करावी, हा माझा ठराव आठवतो? अनुमोदक : व्हर्ना. विरोधी मत : व्हर्ना. स्वयंपाकघरात मधमाश्यांची पेटी ठेवावी, अनुमोदक व्हर्ना, विरोधी मत व्हर्ना. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तिला विचारलं होतं, की अगं, तुला पटत नाही तर अनुमोदन देतेस कशाला? तर म्हणाली, "अनुमोदन म्हणजे संमती थोडीच? बोलूया, एवढंच. नाहीतर तुमचं मनातलं मनातच राहील आणि तुम्ही आठवडाभर तोंड पाडून बसाल." नियमाप्रमाणे तिचं शंभर टक्के बरोबर होतं.

तर सभा भरली जुन्या पंचांगाच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सहा जानेवारीला. रीतीप्रमाणे बाराही पदार्थ झाले होते. (मी केलेले सात. उरलेले पाच लारिसाने डब्यातून आणले आणि माझ्या सातांकडे बघून काही बोलली नाही, हे तिचे उपकार.) गेलेल्या माणसासाठी आपण एक ताट रिकामं मांडतो, तसं या वर्षी मांडलं. दर वर्षी ते आईवडिलांचं असे. या वर्षी ते कुणाचं आहे हे कोणी बोललं नाही. मी ठराव मांडला : यंदा आपल्या जुन्या बॅजर कूलीलाच जावं, जिथे दोन्ही मुलं स्की शिकली, आणि शिकवणारी त्यांची आई होती. आणि मग मी अनुमोदकाची वाट पाहत बसलो.

ताई, कोणी बोललंच नाही. लारिसा काट्याने बीट उकरत होती. मायरन छताकडे पाहत होता. स्वयंपाकघरातलं घड्याळ एवढा आवाज करतं हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी मीच जाहीर केलं, की अनुमोदकाअभावी ठराव पडला, आणि वहीत तसं लिहिलं. "अनुमोदक" या शब्दापुढे नुसती रेघ ओढायची वेळ माझ्या हातावर प्रथमच आली. रेघ वाकडी आली आहे.

मग लारिसाचा ठराव आला. रॉकी पर्वतातलं एक थोरलं ठिकाण, इथून गाडीने बारा तास. चित्रं दाखवायला मायरनने संगणक काढला, टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्याने ते रिकामं ताट उचललं आणि फ्रिजवर ठेवलं. मी त्याला तिथल्या तिथे सभा-नियमांची आठवण करून दिली. (लारिसाच्या म्हणण्याप्रमाणे मी ओरडलो. इतिवृत्तात "अध्यक्षांनी सूचना केली" असं आहे.) मायरनचं तोंड पांढरं पडलं. "पप्पा, माझ्या लक्षातच आलं नाही हो," म्हणाला आणि ताट परत आणलं, पण तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं. लारिसा रडत म्हणाली, "मला तिथं जायचंच नाहीये! त्या टेकडीवर जिकडेतिकडे आईच आहे. मला अशी जागा हवी जिथे आपल्यातलं कोणी कधीच गेलेलं नाही. कळतंय का तुम्हाला?" मी वहीत लिहिलं, "कारण : नवीन जागेची आवड." एका वहीत किती मावणार? ठरावाला मायरनचं अनुमोदन मिळालं, दोन विरुद्ध शून्य मतांनी तो मंजूर झाला, आणि सगळ्यांनी मुकाट्याने खसखशीचे रोल खाल्ले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मायरन गाडीची किल्ली फिरवत आला. "चला पप्पा. पडला तर पडला तुमचा ठराव, एकदा दाखवून तर आणा तुमची ती टेकडी. तुम्ही आणि आई दर हिवाळ्यात जायचात, मला वीस वर्षं झाली." मला ठाऊक होतं की हे त्या ताटाचं प्रायश्चित्त आहे. पण स्थळपाहणीला नाही म्हणणं सचिवाला शोभत नाही.

आता हसू नकोस. आपला मायरन कॅलगरीत राहून पुरता पहाडी झाला आहे. डोंगर म्हणजे वर, हे त्याच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय, की दीड तास गाडी हाकून बॅजर कूलीपाशी पोचल्यावर तो ऐंशीच्या वेगाने तिला ओलांडून गेला. मी गप्प राहिलो. (मला विचारलं नव्हतं.) फोनमधली बाई सांगत होती की तुम्ही पोचलात, आणि हा काचेतून आभाळ धुंडाळत होता. चौफेर सपाट पांढरं शेत, एक कुंपण, एक कावळा. पुढच्या गावात पेट्रोल पंपावर त्याने काच खाली करून विचारलं, की इथे स्कीचा डोंगर कुठे आहे. पंपावरच्या बाईने त्याच्या गाडीची अल्बर्टाची पाटी पाहिली आणि म्हणाली, "डोंगर? आमच्याकडे? अरे पोरा, मागे फिर. दहा किलोमीटर जा आणि खाली बघ." गाडी वळवताना तो पुटपुटला, "विसरलोच होतो. आपला डोंगर खड्ड्यात असतो." मी खिडकीबाहेर पाहत होतो, म्हणून त्याला माझं तोंड दिसलं नाही.

कूली, म्हणजे सपाट रानातली आपली ती घळ, होती तिथेच आहे. घळीच्या काठावर गाडी लावायची, आधी खाली घसरायचं आणि मग वर यायला लिफ्ट पकडायची, म्हणजे आधी मजा आणि मग काळजी, सगळ्या आयुष्याच्या उलट. माणसांना वर ओढून आणणारी तीच टी-बार, तीच करकर. मायरन भाड्याच्या स्कीवर चार वेळा खाली जाऊन आला. पहिल्यांदा हसत आला, चौथ्यांदा आला तेव्हा हसत नव्हता. "पप्पा, ते वळण... आई तिथं उभी राहायची ना? 'गुडघे वाकव रे लाकडा!' म्हणून ओरडायची." मी म्हटलं, बहुधा. मग आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो. पॉलीन अजून तिथेच आहे, चाळीस वर्षं त्याच खिडकीत, आता जरा बसकी झाली आहे. तिच्याशी दोन शब्द बोललो. निघताना तिने बटाटा भरलेल्या पिरोग्यांचं एक ताट वरून कांदा परतून, झाकून बरोबर दिलं. परतीच्या वाटेवर मायरन मागच्या सीटवर बसला, त्याच्या पायांना तिथे जास्त जागा मिळते. गाडी मी चालवली.

यॉर्कटनची घरं दिसू लागली तेव्हा मागून आवाज आला, "पप्पा, पुन्हा मांडा ठराव. मी देतो अनुमोदन." मी म्हटलं, तुझं मत बदललं? "मत नाही हो. अनुमोदन म्हणजे संमती थोडीच? बोलूया एवढंच म्हणतोय." हे वाक्य त्याला कोणी शिकवलं ते तुला सांगायला नको. आणि इथे, ताई, ज्या ठरावासाठी मी नाताळच्या संध्याकाळी पोरांवर ओरडलो (सूचना केली), तो मी स्वतःहून मागे घेतला. कारणं रीतसर आहेत : लिफ्ट जुनी झाली आहे, उतार लहान आहे, शौचालय बाहेर आहे.  दुसऱ्या दिवशी मायरन कॅलगरीला परतला. तेव्हा आता आम्ही रॉकीजलाच जाणार, तिथे वारा फार, म्हणून विजार. बाकी सर्व क्षेम. तुझ्या मांजराला आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (१९६१पासून, त्याआधीचं सोडून दे) भाऊ,
झेनन
सचिव, निवृत्त

ता. क. विजारीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर दोन दिवस बाहेर वाळत घाल.

ता. क. २. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. शौचालय आत आहे. तीन वर्षांपूर्वीच बांधलं.

ता. क. ३. आता लिहूनच टाकतो. खिडकीत मला पाहिल्याबरोबर पॉलीन म्हणाली, "आलात! आणि व्हर्ना कुठाय?" ती तिकडे लांब राहते, तिला कोणी कळवलं नव्हतं. कळवायचं काम माझंच होतं. मी तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "गाडीत बसली आहे. थंडी फार आहे ना." पॉलीन म्हणाली, "मग तिच्यापुरतं गरम गरम घेऊन जा, कांदा जास्त घालते, तिला आवडतो. पुढच्या खेपेला मात्र आत यायला सांगा हं, नाहीतर मीच रागावेन." मायरन माझ्या मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. गाडीपाशी आल्यावर त्याने माझ्या हातातून ताट घेतलं, माझ्या शेजारच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा लावला, आणि स्वतः मागे जाऊन बसला.  पायांच्या जागेचं मी खोटं लिहिलं होतं.

ता. क. ४. (१६ तारीख, सकाळ.) म्हणून मला तिथे जायचं नव्हतं. आता जायचं आहे. काल रात्री मी लारिसाला फोन करून हे सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "कांदा जास्त होता का?" मी म्हटलं, खूप. तर म्हणाली, "मी येते. पण कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा मी नाही जाणार." वहीत लिहिलं आहे : ठराव पुन्हा मांडला, अनुमोदक मायरन, एकमताने मंजूर. पॉलीनला मीच सांगणार आहे, ते काम दुसऱ्या कुणाचं नाही. तू फक्त बसने ये आणि मी सांगत असताना माझ्या बाजूला उभी राहा. विजार नसली तरी चालेल, ती मला कधीच होत नव्हती.

ता. क. ५. ताट धुऊन टेबलावर ठेवलं आहे. निळ्या काठाचं आहे, परत करायला हवं. आणि ताट रिकामं परत करायचं नसतं, हे आपल्याला आईने मारून मारून शिकवलंय. हे असलं सगळं व्हर्ना बघायची. येताना तुझा मधाचा केक करून आण. फार मोठा करू नकोस, ताट एकाच माणसाचं आहे.