उजव्या आरशाचा स्क्रू

७ सप्टेंबर, रविवार

मी हात दाखवला नव्हता. नव्हता, नव्हता, नव्हता!

ट्रॅकवाल्यांनी तीन वेळा विचारलं, तीनदा हेच सांगितलं. लेखी पण दिलं. 

क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

ट्रॅक-डे म्हणजे आपापली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस, रेस नाही. हे टोपीवाला दर वेळी सकाळी माइकवरून सांगतो. सगळं तोच चालवतो, टोपी झोपेतसुद्धा काढत नसेल. कोणी कोणाला हरवायचं नाही. मागून फास्ट गाडी आली की पुढच्याने खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि कुठल्या बाजूने जायचं ते दाखवायचं. हात दिसल्याशिवाय ओव्हरटेक नाही. एवढा एकच नियम, पण त्याच्याच जिवावर सगळे धडधाकट घरी जातात.

आणि आमची म्हातारी दर लॅपला पाच-सहा जणांना वाट देते. मॉडेल एकोणसत्तरचं – म्हणजे सिक्स्टी-नाइन, मला अजून बोटं मोजावी लागतात. आजूबाजूला कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्या, चूक झाली तर गाडीच सावरून घेते. म्हातारी काही सावरत नाही. स्टिअरिंग ट्रकसारखं जड, ब्रेक तापले की पाय पार खाली जातो. पण वळणात शिरली की काय गाते! मामाने एकेक बोल्ट स्वतः बसवलाय.

मामा शेजारी बसला होता, नेहमीसारखा. "मागे हिरवी आली," म्हणाला – मागे न बघताच. त्याला नुसत्या आवाजावरून कळतं.

हिरवी म्हणजे त्या डेंटिस्टची. नवी कोरी, चारशे घोड्यांची.

तळ्याच्या वळणाआधीचा चढ. वर पोचलं की दोन सेकंद खाली तळं दिसतं, मग लगेच उजवं वळण. मामा म्हणाला, "आज तळं कसलं निळं दिसतंय गं!" मला राखाडी वाटलं, ढग होते, पण मी ब्रेकमध्ये होते, मला काय कळतंय. वळवलं. आणि माझ्या दाराला लागून हिरवं काहीतरी! तो वळणाच्या आतल्या बाजूने घुसला होता! मला चुकवायला गवतात गेला, गिरकी घेऊन माझ्या मागून आडवा आला आणि पलीकडे टायरच्या भिंतीवर. धप्. एवढाच आवाज.

उजवं मनगट मोडलं त्याचं. स्ट्रेचरवरून ओरडत होता – "हात दाखवला तिने! हात दाखवला!"

मामाने पण साक्ष दिली. चष्मा गाडीत राहिला म्हणून तो बोलला, मी लिहिलं. "मी शेजारीच होतो. मला स्पष्ट दिसलं. तिचे दोन्ही हात आत होते." खाली सही.

टोपीवाला म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं. पंचवीस तारखेला कमिटी बसेल. याला कायमचा बंद करतो."

बरोबरच आहे. मी हात दाखवला नव्हता.

८ सप्टेंबर

मान आखडलीये. क्लासला दांडी. ग्रुपवर सगळे डेंटिस्टला शिव्या घालतायत. मला दोनशेवर मेसेज. "ग्रेट कंट्रोल!" वगैरे.

छान वाटलं. खोटं कशाला लिहू?

१० सप्टेंबर, बुधवार

देवा.

दुपारी गॅरेजमध्ये गेले. रविवारी सकाळीच मामाने दारावरचा गोल आरसा चाचपून सांगितलं होतं – "स्क्रू सैल आहे, निघण्याआधी घट्ट कर." तपासणीची रांग लागली होती, राहून गेलं. म्हटलं आज करू. सीटवर बसून स्क्रू पिळला. बरोबर बसला का बघायला आरसा आत ढकलला, आणि तो परत बाहेर ढकलायला माझा हात आपोआप खिडकीतून गेला.

आपोआप!

समोरच्या भिंतीवर ऊन होतं. त्यात सावली पडली. गाडीची, आणि गाडीतून बाहेर आलेल्या हाताची. बोट ताठ. उजवीकडून जा.

रविवारी सरळ रस्त्यावर वाऱ्याने आरसा आत वळत होता. दर लॅपला. त्यात माझाच खांदा दिसायचा. आणि दर लॅपला मी चढावर तो बोटाने बाहेर सारत होते. तिसऱ्या सेशनला, अपघात झाला तेव्हा पण. हिरवी मागे असताना पण.

त्याने हात बघितला. हात होता. मी दाखवला नव्हता, पण होता!

 मामा दारात येऊन म्हणाला, "झाला का घट्ट?"

म्हटलं, "झाला."

११ सप्टेंबर

कोणाला सांगितलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

आता सांगितलं तर काय होईल ते लिहून काढते.

टोपीवाला वर्षभर कारणच शोधतोय. "जुन्या गाड्या नव्यांबरोबर नकोत, स्पीडमध्ये फार फरक पडतो." जुन्या गाड्या आहेतच चार. आरसा हलतो आणि ड्रायव्हर पळत्या गाडीत तो नीट करत बसते, हे कळलं की संपलं. मी बंद, म्हातारी बंद, उरलेल्या तिघी पण बंद.

आणि अठ्ठावीस तारीखही हातची जाईल.

मामाचे डोळे जातायत. डॉक्टरांनी वर्षअखेरपर्यंतची मुदत दिलीये. कडेकडेने अंधार येत येत मधलं भोक पण बुजणार. गाडी चालवणं दोन वर्षांपूर्वीच सुटलं. तेव्हा मला शेजारी बसवून शिकवलं – आई ओरडली होती, "पोरीला कसले उद्योग लावतोस!" अठ्ठावीसचा या वर्षातला शेवटचा ट्रॅक-डे. मामाचं एकच म्हणणं आहे. "दिसतंय तोवर एकदा वरून तळं बघायचं. माझ्या गाडीतून. मग गेले डोळे तरी बेहत्तर."

कसं सांगू?

१५ सप्टेंबर

जेवताना मामी म्हणाली, "तोंड का उतरलंय? खाई त्याला खवखवे." ती भाजीबद्दल बोलत होती, मी मघाशी तिखट म्हणाले होते. मला म्हणीचा अर्थ विचारावा लागला. तिने सांगितला. मी उरलेली भाजी ताटाच्या कडेला सारली.

मग तिने रोजच्यासारखा मामाला पेपर वाचून दाखवला. हेडलाइनपासून छोट्या जाहिरातीपर्यंत. मामा म्हणतो, "तिला हौस आहे, वाचू दे."

१८ सप्टेंबर, गुरुवार

गेले डेंटिस्टकडे! का गेले? क्लिनिक चालूच होतं, असिस्टंट डॉक्टर दात काढत होती आणि हा बाहेर पेशंटच्या खुर्चीत, हात गळ्यात. वाटलं हाकलून देईल. नाही. म्हणाला, "बसा. एवढी वर्षं लोकांना 'आ करा' म्हणत आलो, आता माझाच आ मिटत नाहीये."

बारा आठवडे ड्रिल धरता येणार नाही. नंतर पकड तशीच येईल का, सांगत नाहीत.

मी नुसतंच सॉरी म्हटलं.

तो म्हणाला, "तुमचा काय दोष? मी विचार करतोय. तुम्ही नाही म्हणता. तुमचे मामा शेजारी होते, ते नाही म्हणतात. माझी बायको म्हणते, कबूल करून मोकळे व्हा. मला भासच झाला असेल. मी कमिटीला लिहून देणार आहे तसं – माझी चूक." मग हसला. "फक्त अजून डोळे मिटले की तो हात दिसतो हो."

मी उठले. पायऱ्यांवर बसून रडले. एक बाई म्हणाल्या, "रूट कॅनल का? होईल दोन दिवसांत बरं."

१९ सप्टेंबर

चोर सोडून संन्याशाला फाशी. ही म्हण मला येते. हिचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

अठ्ठावीसनंतर सांगू? नाही, कमिटी पंचवीसला. तोवर तो लिहून देणार. एकदा त्याने स्वतःच कबूल केलं की मी नंतर काय बोलणार – मागे घ्या?

मामाने सकाळी म्हातारीला पुसली. दोन्ही हातांनी, कडेकडेने, घोड्याला खरारा करावा तशी. "रविवारी अजून एकदा," तिला म्हणाला. मला नाही. गाडीला.

मी नाही करू शकत हे. नाही करू शकत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पत्र लिहिलं. कमिटीला. चार वेळा. इंग्लिशमध्ये ते फार शहाणं वाटायला लागलं – शाळेत शिकवलेली सगळी सफाई त्यात आपोआप येते. शेवटी मराठीत लिहिलं. "स्क्रू सैल होता, मला सांगितलं होतं, मी घट्ट केला नाही. मी आरसा सारायला हात बाहेर काढला. त्यांनी तो बघितला. त्यांची चूक नाही. आमची गाडी आणि मी, दोघींना बंद करा. अठ्ठावीसला आम्ही येणार नाही." बस.

तोंडाने मामाला सांगायची हिंमत झाली नाही. मामी बाहेर गेलेली बघून पत्र त्याच्या हातात दिलं, "हे वाच," म्हटलं, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

काचेत दिसलं, त्याने भिंग घेतलं. कागद जवळ धरला. कितीतरी वेळ. 

"छान लिहिलंयस," म्हणाला. "मुद्देसूद. बरं झालं वेळेत केलंस. माझी सही कुठे हवी?"

 असा माणूस! एक शब्द रागाचा नाही! मी त्याचं बोट धरून कागदावर जागा दाखवली, त्याने सही केली. मी मिठी मारली, रडले, तो पाठीवर थोपटत राहिला – "अगं, एवढं काय त्यात, वेडाबाई."

मग म्हणाला, "अठ्ठावीसला पुढच्या टायरमध्ये हवा दोन पॉइंट कमी ठेवू. थंडी असेल."

अठ्ठावीसला?

पत्रात तर स्पष्ट लिहिलंय. शेवटच्या ओळीत. त्याने त्याच्याच खाली सही केलीये!

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी त्याच्यासमोर बसले आणि पत्र मोठ्याने वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

 मामाला वाटलं होतं, काल सही केली ती अठ्ठावीसच्या नावनोंदणीच्या फॉर्मवर.

"खाली अजून एक ओळ घाल," म्हणाला. "साक्षीदाराला त्या दिवशी काही दिसत नव्हतं. मे महिन्यापासून दिसत नाही, नुसता उजेड कळतो. मामीला माहितीये. तुला सांगितलं असतं तर तू मला बसवून नेलं नसतंस."

मी लिहिलं. त्याने चाचपडत परत सही केली.

मग विचारलं, "त्या दिवशी तळं कसं होतं गं?"

"राखाडी," म्हटलं.